तबकडीकाका

तबकडीकाकांसमोर गाणं गुणगुणायचं नाही, हा आमच्या सोसायटीतला अलिखित नियम आहे. लिफ्टमध्ये तर अजिबातच नाही. चौथ्या मजल्यावरची नवी सून एकदा अनवधानानं गुणगुणली. ‘वा,’ काका म्हणाले. सून खूश झाली. ‘कुणाचं आहे?’ ती म्हणाली, ‘लताबाईंचं.’ ‘ते झालंच. संगीत कुणाचं?’ तळमजला येईपर्यंत संगीतकार, गीतकार, सिनेमा आणि साल असे चार पेपर झाले. लिफ्टचं दार उघडलं तरी काका दारात पाय अडकवून उभे, कारण त्यातलं मेंडोलिन कुणी वाजवलंय ही तोंडी परीक्षा अजून बाकी होती. ती सून आता जिन्यानं ये-जा करते. तब्येत चांगली सुधारली आहे तिची.

हे काका तुमच्याही ओळखीचे असणार. आमचे कोथरूडला राहतात, तुमचे डोंबिवलीत नाहीतर नाशिकला राहत असतील. नाव निराळं, नमुना तोच. बँकेतून निवृत्त, मुलगा परदेशात किंवा हिंजवडीला (कोथरूडच्या हिशोबानं दोन्ही सारखंच लांब), आणि गाणं सुरू झालं की डोळे मिटायची सवय. या डोळे मिटण्यातही प्रतवारी आहे. मुखड्याला ते नुसतेच मिटतात. अंतऱ्यात एखादी बारीक जागा आली की मिटल्या डोळ्यांवर भुवया चढतात. आणि मधल्या संगीतात व्हायोलिनचा ताफा उसळला की उजवा हात वर जातो, दोन बोटं हवेत थरथरतात. अशा वेळी शेजारच्यानं आपला चहाचा कप आपण सांभाळायचा.

त्यांच्या फ्लॅटमधली आतली खोली खरं तर मुलाच्या अभ्यासासाठी होती. मुलगा गेला, तबकड्या आल्या. लोखंडी कपाटात त्या उभ्या रचलेल्या असतात. रेकॉर्ड आडवी ठेवणाऱ्या माणसाबद्दल काकांचं मत छापण्याजोगं नाही. दर बुधवारी आणि रविवारी ते जुन्या बाजारात जातात. तिथे जमिनीवर पसरलेल्या गंजक्या पान्यांत, बिनकाट्याच्या घड्याळांत आणि पितळी समयांत कुठेतरी रेकॉर्डींची चळत असते. हवी ती रेकॉर्ड हाताला लागली की काका चेहरा असा करतात, की जणू मयताला आलेत. ‘हीऽ? हिला कोण घेतंय,’ असं म्हणत ती बाजूला ठेवतात आणि भलत्याच तीन रेकॉर्डींचे भाव विचारतात. विक्रेता मुरलेला आहे. काका ज्या रेकॉर्डीकडे मुळीच बघत नाहीत, तिचा भाव तो दुप्पट सांगतो.

घरी आणलेली रेकॉर्ड बघण्याचा त्यांचा एक विधी आहे आणि तो खरोखर बघण्यासारखा असतो. पाकिटातून काढताना बोटाचं टोकसुद्धा रेघांना लागू द्यायचं नाही, कडेनं दोन तळव्यांच्या मध्ये धरायची. मग ती ट्यूबलाइटखाली तिरकी करायची. कमी वाजलेली रेकॉर्ड काळीभोर चमकते. जिथे पुन्हापुन्हा वाजली तिथे पिनेनं रेघा झिजतात आणि काळ्यावर करडी छटा येते. त्या छटेवरून काका आधीच्या मालकाचं चरित्र सांगतात. ‘ही बाजू बघ, कुणीतरी रोज वाजवलीय. आणि मागची कोरी करकरीत. ही मागची तिच्या आवडीची असणार. लग्न मोडलं.’ रेकॉर्डी पुसायचं खातं काकूंकडे असल्यामुळे त्यांनाही ही विद्या अवगत आहे. त्या ती फारशी वापरत नाहीत, इतकंच.

अठ्ठ्याहत्तरची रेकॉर्ड लावायची तर आधी चावी भरा, पिन बदला, मखमलीच्या फडक्यानं तबकडी पुसा. हे सगळं तीन-सव्वातीन मिनिटांसाठी, कारण दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर तेवढंच मावतं. पोलादी पिन एका बाजूला एक. ती पुन्हा वापरली तर रेकॉर्ड खरवडते. मुलानं एकदा सुट्टीत आल्यावर विचारलं, ‘बाबा, यात गाणं फॉरवर्ड कसं करतात?’ त्यानंतर तो हिंजवडीला परत जाईपर्यंत बापलेकांत बोलणं नव्हतं. मला स्वतःला वाटतं, जुन्या गाण्यांना जो घट्टपणा आहे त्यातला निम्मा या लाखेच्या तबकडीच्या मापानं आलेला आहे. जागाच नव्हती, तर पाल्हाळ लावणार कुठे? मी हे काकांना सांगून पाहिलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. ‘म्हणजे तुझ्या मते अनिल विश्वास मोठा नाही, लाखेचा किडा मोठा.’

जुन्या गाण्यांच्या कार्यक्रमाला काका तिसऱ्या रांगेत कडेच्या खुर्चीवर बसतात. निवेदक स्टेजवर आला की जरा सावरून बसतात, क्षेत्ररक्षक बसावा तसे. निवेदक म्हणाला, ‘१९४९ साली महल आला आणि रेकॉर्डवर लता मंगेशकर हे नाव घरोघर पोचलं...’ काका उभे. ‘रेकॉर्डवर लताचं नाव नव्हतं! कामिनी होतं. पात्राचं नाव छापायचे तेव्हा!’ बरोबर आहे, तसंच होतं. रेडिओवर विचारणा सुरू झाल्यावर खरं नाव लोकांना कळलं. पण निवेदकाचा घसा कोरडा पडतो, आणि पुढे तो ‘साधारण’, ‘बहुधा’, ‘असं म्हणतात’ यांच्या आडोशानं कार्यक्रम कसाबसा संपवतो. मराठी कार्यक्रमांतही सुटका नाही. गीतरामायण म्हणजे फक्त बाबूजी (सुधीर फडके) असं कुणी म्हटलं, की १ एप्रिल १९५५ च्या रामनवमीपासून पुणे आकाशवाणीवर आठवड्याला एक याप्रमाणे छप्पन्न गाणी झाली, आणि त्यांत माणिक वर्मा, मालती पांडे, ललिता फडके असे कितीतरी आवाज होते, हे मध्यंतरातल्या बटाटेवड्याबरोबर ऐकून घ्यावं लागतं. वडा गार होतो. माहिती पक्की असते.

सगळ्यात रंगतात ते रेडिओ सिलोनवर. ‘१९५२ ला केसकर मंत्री झाले,’ इथून सुरुवात होते. ‘बाळकृष्ण विश्वनाथ केसकर, आपला मराठी माणूस, आणि त्यानंच आकाशवाणीवरून सिनेमाची गाणी हाकलली! का, तर शास्त्रीय संगीत ऐका. मग काय, अख्खा देश सिलोनकडे वळला. बुधवारी रात्री आठ वाजता बिनाका. अमीन सायानी बोलायला लागले की रस्त्यावर कुत्रं नसायचं. आपलं सरकार जागं झालं पाच वर्षांनी, तेव्हा विविध भारती काढली, ३ ऑक्टोबर १९५७.’ हे सगळं ते अशा थाटात सांगतात, की जणू त्या पहिल्या बुधवारी एरियल हलवायला स्वतः गच्चीवर चढले होते. पण काकांचा जन्म १९५६ चा आहे. बिनाका गीतमाला सुरू झाली तेव्हा ते नव्हतेच. विविध भारती सुरू झाली तेव्हा रांगत होते.

काकांची खरी गंमत इथे आहे, असं मला वाटतं. माणूस आपल्या कॉलेजच्या दिवसांतल्या गाण्यांसाठी हळवा होतो, हे समजू शकतं. काका वडिलांच्या कॉलेजच्या दिवसांसाठी हळवे होतात. बरसात आला तेव्हा ते जन्मायचे होते, अलबेला आला तेव्हाही, आणि अनारकलीच्या वेळी त्यांच्या आई-वडिलांचं लग्नसुद्धा ठरलेलं नव्हतं. तरी ‘काय दिवस होते ते’ म्हणताना त्यांचा आवाज कातर होतो. वयाच्या हिशोबानं बघायला गेलं तर या माणसाच्या डोळ्यांत बप्पी लाहिरीसाठी पाणी यायला हवं. पण १९७५ ते १९८२ हा काळ काकांच्या चरित्रात नाहीच. ते नूतन मराठीतून मॅट्रिक झाले आणि थेट बँकेत अधिकारी झाले, मध्ये काही घडलंच नाही, असं एकूण प्रकरण आहे.

घराण्याचा दोष म्हणा हवं तर. काका पंधरा वर्षांचे असताना, १९७१ साली, शेजारच्या वाड्यात हरे रामा हरे कृष्णाची रेकॉर्ड लागली तेव्हा त्यांच्या वडिलांनी खिडकी लावून घेतली होती. ‘सैगल गेला त्या दिवशी संपलं सगळं,’ हे त्यांचं ठाम मत. सिलोनवर रोज सकाळी आठाला तीन मिनिटं कमी असताना सैगलचं गाणं लागे, तेव्हा ते दाढीचा ब्रश हातात धरून उभे राहत आणि साबण गालावर वाळत असे. या वडिलांचे वडील मात्र सैगलला ‘तो पडसं झालेला’ म्हणत. त्यांच्यासाठी जग बालगंधर्वांपाशी थांबलं होतं. आणि पणजोबांनी तर भाऊराव कोल्हटकर १९०१ साली गेले तेव्हाच मराठी गाण्याचं तेरावं उरकून घेतलं होतं, असं घरात सांगतात. पुढची पिढीही तयार आहे. हिंजवडीचा मुलगा हल्ली गाडीत आशिकीची गाणी लावतो आणि टोलनाक्यावर सुस्कारे सोडतो: ‘नव्वदच्या दशकात जी मेलडी होती ना...’ काकांनी हे एकदा मागच्या सीटवरून ऐकलं. ते खेड-शिवापूरला उतरून चहा प्यायले आणि परतीला एसटीनं आले.

संगीत नेमकं संपलं कधी, याची काकांकडे तारीख आहे. मूळ निकाल १२ सप्टेंबर १९७१ चा, जयकिशन गेला तो दिवस. अपिलात ती मुदत १४ जुलै १९७५ पर्यंत, म्हणजे मदनमोहनपर्यंत वाढली. ३१ जुलै १९८० नंतर मात्र दयेचा अर्जसुद्धा चालत नाही.

तारखांवरून आठवलं. इतरांचा पितृपक्ष भाद्रपदात येतो, काकांचा जुलैत. १४ ला मदनमोहन, २० ला गीता दत्त, लगेच २१ ला सज्जाद हुसेन, २९ ला सुधीर फडके आणि ३१ ला रफी. पहाटे साडेपाचला सोसायटीच्या ग्रुपवर हार घातलेला फोटो येतो. खाली ‘विनम्र अभिवादन’ आणि त्याखाली संगीतकाराच्या चित्रपटांची यादी. लोक झोपेत हात जोडल्याचं चिन्ह पाठवतात. एकानं तर सज्जादच्या फोटोखाली ‘कुटुंबीयांच्या दुःखात सहभागी आहोत’ असं लिहून टाकलं होतं. मधल्यामध्ये २२ ला मुकेशची जयंती येते आणि २५ ला पुन्हा बाबूजींची, तेव्हा शिरा होतो. काकू म्हणतात, ‘यांच्या जुलैत शोक कधी आणि शिरा कधी, याला कॅलेंडर लागतं.’

एवढं असूनही काकांना लोकप्रिय गाणी फारशी आवडत नाहीत, हे कळायला मला वेळ लागला. ज्या गाण्यावर लोक कराओके क्लबात तुटून पडतात ते त्यांना गुळगुळीत झालेल्या नाण्यासारखं वाटतं. त्यांना हवं असतं ते दोनच माणसांकडे असलेलं, आणि त्यातला दुसरा वारलेला असला तर उत्तम. मुलानं पाच हजार गाणी भरलेला कारवां भेट दिला, तेव्हा त्यांनी तो काकूंना देऊन टाकला. शोधायला काही उरत नाही, ही त्यांची तक्रार. त्यांच्या टेबलावर कानपूरच्या हरमंदिरसिंग ‘हमराज’ यांनी संकलित केलेल्या हिंदी फिल्म गीतकोशाचे जाडजूड खंड असतात. मी त्यातलं एक पान उघडून म्हटलं, ‘काका, या पानावरच्या एकाही सिनेमाचं नाव मी ऐकलेलं नाही. प्रत्येकात आठ-आठ, दहा-दहा गाणी. म्हणजे तेव्हाही बहुतेक माल रद्दीच होता. काळानं चाळण मारली आणि वरचं तेवढं आपल्याला दिसतं.’ काकांनी शांतपणे त्याच पानावरची एक रेकॉर्ड कपाटातून काढून लावली. गाणं खरोखरच रद्दी होतं. बाई बेसूर, तबला धावत सुटलेला. संपल्यावर काका ओल्या डोळ्यांनी म्हणाले, ‘क्लॅरिनेट ऐकलंस मागचं?’

या ‘मागच्या’ लोकांवर त्यांचा फार जीव, आणि इथे मात्र माझी थट्टा थोडी मवाळ होते. पडद्यावरचा नायक सगळ्यांना ठाऊक, गायक ठाऊक, संगीतकार निम्म्यांना. पण स्वरलिपीचे कागद ज्यांनी लिहिले, वाद्यमेळ ज्यांनी बांधला, ते बरेचसे गोव्याचे ख्रिस्ती वादक, ते कुणाच्या खिजगणतीत नव्हते. शंकर-जयकिशनकडे सेबॅस्टियन डिसोझा. प्यारेलालना व्हायोलिन शिकवणारे माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस, ज्यांचं नाव पुढे १९७७ साली अमर अकबर अँथनीत अमिताभच्या पात्राला मिळालं. चितळकरांकडे, म्हणजे सी. रामचंद्रांकडे, ट्रम्पेटवाला चिक चॉकलेट. मूळ नाव आंतोनिओ झेवियर वाझ, गाव हळदोणे. गेल्या दिवाळीत काकांचं कुटुंब गोव्याला गेलं. मंगेशीचं दर्शन झालं, ते मंगेशकरांच्या नात्यानं काकांनीही भक्तिभावानं घेतलं. मग सगळी पोहायचे कपडे घेऊन गाडीत बसली आणि काकांनी ड्रायव्हरला हळदोण्याला घ्यायला सांगितलं. तिथे त्यांनी तासभर उन्हात लोकांना ट्रम्पेट वाजवणाऱ्याचं घर विचारलं. कुणालाच कळेना. शेवटी एका म्हाताऱ्यानं मान डोलावली आणि त्यांना चर्चच्या बँडमधल्या आपल्या पुतण्याकडे नेऊन बसवलं. पुतण्यानं कौतुकानं ट्रम्पेटवर ‘हॅपी बर्थडे’ वाजवून दाखवलं. काका त्यालाही नमस्कार करून आले. समुद्र राहिला.

त्यांचा एक दोस्त आहे, तो नय्यरवाला. ओ. पी. नय्यरनं आयुष्यात लताला गायला घेतलं नाही, हा त्या दोस्ताच्या मते एका माणसाचा पराक्रम आणि काकांच्या मते एका माणसाचं नुकसान. कमला नेहरू पार्कात हा वाद रोज होतो, रोज सुटतो, रोज पहिल्यापासून सुरू होतो.

परवाच्या ३१ जुलैला आम्ही पाच-सहाजण काकांकडे जमलो होतो. रफीच्या फोटोला मोगऱ्याचा हार. काकांनी पिन बदलून दोन रेकॉर्डी लावल्या, मग थांबून घसा खाकरला. ‘तो दिवस मला लख्ख आठवतोय. चोवीस वर्षांचा होतो. बातमी आली आणि पानावरून उठलो. दोन दिवस घशाखाली घास उतरला नाही.’ सगळे गप्प. नय्यरवाल्यानंसुद्धा मान खाली घातली.

काकू साबुदाणा वडे घेऊन आल्या होत्या. ताट टेबलावर ठेवत म्हणाल्या, ‘अहो, त्याच आठवड्यात आपण कुर्बानीला गेलो होतो की. साखरपुडा झाला होता नुकता. दुसऱ्यांदा बघितला आपण.’

खोलीत फक्त वड्यांचा वास.

‘त्यात रफीचं गाणं आहे,’ काका म्हणाले. ‘आशाबरोबर. कल्याणजी-आनंदजी.’ ही माहितीही पक्की होती. ‘श्रद्धांजली म्हणूनच गेलो होतो आपण.’

‘मध्यंतरात तुम्ही दोन सामोसे खाल्लेत.’

‘शोकात भूक लागते.’

‘आणि ती रेकॉर्ड घेतलीत ती?’

‘एलपी होती ती! एलपीत सगळीच गाणी येतात. रफीचं तेवढं कापून देतो का दुकानदार?’

काकू काही बोलल्या नाहीत. आत गेल्या आणि गीतकोशाच्या खंडांमागून एक पाकीट काढून आणलं. रेकॉर्ड बाहेर काढली, अगदी शिस्तीत, कडेनं दोन तळव्यांच्या मध्ये धरून, आणि ट्यूबलाइटखाली तिरकी केली. सगळी चकती काळीभोर चमकत होती. एकच पट्टा, बोटभर रुंदीचा, राखेसारखा करडा झालेला. नाझिया हसन नावाच्या पंधरा वर्षांच्या मुलीनं बिड्डूच्या संगीतावर गायलेलं ते गाणं. १९८० साली या देशात ज्याला कान होते त्याला ते पाठ होतं. नय्यरवाल्यानं चष्मा वर सरकवून जवळून पाहिलं आणि अतिशय समाधानानं पहिला वडा उचलला.

‘प्लॅस्टिकच हलकं वापरायचे तेव्हा,’ काका म्हणाले. ‘लगेच झिजायचं.’ मग काकूंच्या हातातली रेकॉर्ड घाईघाईनं आपल्या हातात घेत त्यांनी ती उजेडात उलटसुलट करून दाखवली. ‘आणि सगळी थोडीच झिजलीय? हे रफीचं बघा की, नवं कोरं राहिलंय!’